परसातली दुसरी चूल



आपल्या वेरूळच्या घृष्णेश्वराची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणीच ऐकली आहे. सुधर्मा नावाचा ब्राह्मण आणि त्याची बायको सुदेहा. त्यांना मूल होईना, म्हणून सुदेहानेच आपल्या धाकट्या बहिणीशी, घुश्मेशी, नवऱ्याचं लग्न लावून दिलं. घुश्मेला मुलगा झाला. तो मोठा झाला, घरात सून आली आणि सुदेहेच्या मनात मत्सर भरला. तिने त्या मुलाला मारून तळ्यात टाकलं. घुश्मेच्या भक्तीने मुलगा परत आला, तिने बहिणीला क्षमा केली, आणि महादेव इथेच राहिले. पुराण ही गोष्ट भक्तीची म्हणून सांगतं, आपणही तशीच ऐकतो. पण आमच्या गटात एकदा ही गोष्ट निघाली तेव्हा एकजण म्हणाली, "दोघींच्या चुली वेगळ्या असत्या तर एवढं झालंच नसतं." आम्ही सगळ्या हसलो. ती मात्र हसली नाही.

तिची हकिकत आम्हाला ठाऊक होती. लग्नानंतर तीन वर्षांनी ती माहेरी परत आली, ती कायमची. भावाने घरामागे परसात तिला एक खोली बांधून दिली. विटांच्या भिंती, वर पत्रे, कोपऱ्यात चूल. पुढे गॅस आला, पण सगळे त्या खोलीला "आत्याची चूल" म्हणत, ते नाव राहिलं. चौदा वर्षं बरी गेली. मग भाऊ वारला. भाचा कर्ता झाला. त्याला परसात पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. तो वाईट मुलगा नाही. त्याने सरळ विचारलं, "आत्या, ही खोली कोणाच्या नावावर आहे?" तिच्याकडे उत्तर नव्हतं. वीजबिल भावाच्या नावाचं होतं आणि ग्रामपंचायतीच्या कागदावर त्या खोलीचा पत्ताच नव्हता.

म्हणून आजचं भाषण या विषयावर. राहत्या घराच्या जागेत दुसरं घर बांधायचं आणि ते कायद्याने पक्कं करायचं. हे काम आज सुरू झालेलं नाही, त्याला मोठा इतिहास आहे. तो वाचताना आम्हाला एक गोष्ट उमगली. असं घर पक्कं होतं ते तीन प्रश्नांच्या उत्तरांनी. जागेवर हक्क कोणाचा? बांधायला परवानगी कोणाची? आणि नोंद कोणाच्या नावाची? ही तीन उत्तरं आपल्याकडे वेगवेगळ्या काळात आली आणि वेगवेगळ्या कचेऱ्यांत जाऊन बसली. बाईच्या हाती ती तिन्ही एकदम क्वचितच लागली.

आधी जुन्या काळाकडे वळू. जुन्या कागदांत गावाचे दोन भाग सांगतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. शेकडो वर्षं मातीची घरं पडत, त्याच मातीवर नवी उभी राहत. राख आणि माती साचून वस्तीची जमीन पांढुरकी होई, म्हणून ती पांढरी. याच पांढरीला सरकारी भाषेत पुढे गावठाण नाव पडलं. वेरूळची पाटीलकी भोसल्यांकडे होती. बाबाजी भोसल्यांचे दोन मुलगे, मालोजी आणि विठोजी. मालोजींचे नातू म्हणजे शिवाजी महाराज. मालोजीराजांच्या गढीची जागा आजही आपण पाहुण्यांना दाखवतो.

त्या काळी पांढरीत कोणी कुठे घर बांधायचं हे गाव ठरवी. भांडण झालं तर गोतसभा बसे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारचे वतनदार गोळा होत. निवाडा झाला की त्याचा कागद होई, त्याला महजर म्हणत. ज्यांना लिहिता येत नसे ते सहीऐवजी निशाणी काढत. पाटलाची निशाणी नांगर. आणि बाईची निशाणी बांगडी. म्हणजे कागदावर बाई अगदीच नव्हती असं नाही. विधवा पाटलिणीही वतनासाठी भांडल्या आहेत. पण हे बहुतेक वतनदार घरांतलं. साध्या घरातल्या बाईचं राहणं तोंडी शब्दावर चाले, आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्या लोकांना तर पांढरीत घर बांधायचीही मुभा नव्हती.

घर वाढायचं कसं, तेही पाहू. आपल्या मराठवाड्यात घर खणांत मोजत. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि मातीचं माळवद. पुढे ढाळज, मग चौक, सोपा, माजघर, मागे परस. मुलाचं लग्न झालं की दोन खण वाढत. भावाभावांत पटेना की चौकात भिंत येई. अशा वेळी "चूल वेगळी झाली" असं लोक म्हणत. हे नुसतं बोलणं नव्हतं. भाऊ वेगळे निघाले की नाही असा वाद न्यायालयात गेला, तर स्वयंपाक एकत्र होता की वेगळा, हे इंग्रजी अमदानीतही विचारलं जाई. तेवढ्यावर निकाल होत नसे, पण तो पुरावा म्हणून बघितला जाई.

बाईसाठी याला वेगळं महत्त्व होतं. विज्ञानेश्वराने सुमारे नऊशे वर्षांपूर्वी 'मिताक्षरा' हा ग्रंथ लिहिला, तो कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात. ते कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. ते पुढे आपल्याबरोबरच हैदराबाद संस्थानात होतं. महाराष्ट्रातला हिंदू वारसा बऱ्याच अंशी या ग्रंथाच्या आधाराने चालत आला. त्यात असं आहे की नवरा भावांपासून वेगळा निघालेला असेल आणि मुलगा नसेल, तर त्याची विधवा वारस होते. पण नवरा एकत्र कुटुंबात असतानाच वारला, तर तिला अन्नवस्त्र आणि राहायला जागा एवढंच. म्हणजे नवऱ्याच्या हयातीत चूल वेगळी झाली होती की नाही, यावर पुढे तिचं सगळं आयुष्य ठरे. "राहायला जागा" म्हणजे बहुतेक वेळा मागच्या पडवीचा कोपरा. तिथे तिला राहू देत, पण ती जागा तिची होत नसे. आमच्या मैत्रिणीच्या खोलीचं मूळ तिथे आहे.

गंमत बघा, याच वेरुळात घृष्णेश्वराचं आज उभं असलेलं देऊळ अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी बांधून काढलं. त्या विधवा होत्या, पण खजिना आणि सत्ता त्यांच्या हाती होती. देऊळ बांधणाऱ्या विधवेचं नाव इतिहासात राहिलं. पडवीत राहणाऱ्या विधवेचं नाव घरपट्टीच्या कागदावरही आलं नाही.

पुढे आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो मुक्त झाला, १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. निजामाच्या काळात शेताची मोजणी झाली, कारण शेतसारा तिथून येई. कागद उर्दूत लिहिले जात. पांढरीतल्या घरांवर शेतसारा नव्हता, म्हणून बहुतेक खेड्यांत घराघराची मोजणी कोणी केलीच नाही. शेताला सातबारा मिळाला, घराला मात्र तसा कागद मिळाला नाही. ही उणीव पुढे साठ-सत्तर वर्षं तशीच राहिली. आजही बायका विचारतात, "शेताचा उतारा आहे, मग घराचा का नाही?" त्याचं उत्तर या इतिहासात आहे.

१९५८ साली ग्रामपंचायतीचा कायदा झाला. ग्रामपंचायतीकडे घरपट्टी आली आणि त्यासाठी घरांची यादी आली. तिला आपण नमुना आठ म्हणतो. त्याच कायद्याच्या ५२व्या कलमात गावठाणात बांधायचं असेल तर ग्रामपंचायतीची परवानगी घ्या, असं आलं. पाठोपाठ १९६६ साली जमीन महसूल संहिता झाली. तिने शेतजमीन आणि बिगरशेती जमीन यांच्या वाटा वेगळ्या केल्या. म्हणून आज गावठाणातलं परस आणि शेतातला तुकडा यांना एकच नियम लागत नाही. शेतात शेतकरी कुटुंबाला राहायला, गुरांना आणि अवजारांना शेतघर बांधण्याची सोय संहितेत आहे. पण त्या नावाखाली पर्यटकांना भाड्याने द्यायच्या खोल्या बांधल्या तर ते शेतघर राहत नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. नमुना आठ हा कर वसूल करायचा कागद आहे. त्यावर नाव असलं म्हणजे मालकी सिद्ध झाली, असं न्यायालय मानत नाही. पण नाव नसलं तर बाईची अडचण दुप्पट होते. म्हणून तो कागद पुरेसा नसला तरी हवाच.

आता हक्काची बाजू. १९५६ साली हिंदू उत्तराधिकार कायदा आला. बौद्ध, जैन, शीख भगिनींनाही तो लागू आहे. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगा, मुलगी, विधवा यांना सारखा वाटा आला. विधवेचा हक्क पूर्वी हयातीपुरता होता, तो पूर्ण झाला. पण त्या कायद्यात २३वं कलम होतं. राहत्या घरात मुलगे राहत असतील, तर ते स्वतः वाटणी करीपर्यंत मुलीने वाटणी मागायची नाही. तिला फक्त राहता येई, तेही ती अविवाहित, विधवा, नवऱ्यापासून वेगळी झालेली किंवा टाकलेली असेल तर. म्हणजे शेतात वाटा मागता येई, पण ज्या घरात ती जन्मली त्यात नाही. जुन्या पडवीचीच ही सोय झाली, आता ती कायद्याच्या भाषेत लिहिलेली होती एवढंच.

१९९४ साली महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध वाटा दिला. त्याआधी लग्न झालेल्या मुली मात्र त्यातून वगळल्या. सप्टेंबर २००५ मध्ये देशाचा कायदा बदलला, लग्नाची अट गेली आणि ते २३वं कलमही गेलं. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही, मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे. आपल्याकडच्या मुस्लिम भगिनींचा वारसा शरियतप्रमाणे ठरतो. भाऊ असेल तर मुलीला त्याच्या निम्मा वाटा आणि मुलंबाळं असतील तर विधवेला आठवा हिस्सा. निम्मा असला तरी तो वाटा आहे, तो कोणी मेहेरबानीने देत नाही, हे खुलताबादच्या आणि वेरूळच्या कितीतरी जणींना कोणी सांगितलेलंच नसतं.

कायदा बदलला, पण रीत चालूच राहिली. वडील गेले की दहाव्या-तेराव्यानंतर बहिणींना बोलावतात आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. साडीचोळी करतात, माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते. सही करायची की नाही हे तिने ठरवावं. पण कागद वाचून ठरवावं. शेतावरचा हक्क सोडताना घरावरचाही त्याच कागदात सुटतो आहे का, एवढं तरी विचारावं. नोंदवलेलं हक्कसोडपत्र मागाहून सहज परत फिरवता येत नाही.

नोंदीच्या बाजूनेही बायकांनी काही वाट काढली. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं मोठं महिला अधिवेशन झालं. तिथून पुढे 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम निघाली, त्यात शेतकऱ्यांनी आपली काही जमीन बायकोच्या नावे केली. इंदिरा आवास योजनेत घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे द्यायचं ठरलं. २००३ साली राज्य सरकारने सांगितलं की ग्रामपंचायतीच्या दप्तरात घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावावं. ज्या घरांत अजून एकच नाव आहे त्यांनी अर्ज करावा. पण ही सोय नवराबायकोची आहे. परत आलेली बहीण, विधवा आत्या, अविवाहित मुलगी यांची नावं त्यातून आपोआप लागत नाहीत.

मराठवाड्याने घराविषयी आणखी एक धडा शिकला, तो फार महाग पडला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मातीत बसवलेल्या दगडी भिंती आणि वरचं जड माळवद अंगावर येऊन हजारो माणसं झोपेत गेली. पुनर्वसनात पूर्ण उद्ध्वस्त गावं दुसरीकडे वसवली. घरं दिली ती जमिनीच्या हिशेबाने, २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची. भूमिहीनाला सगळ्यात लहान. मोजणीत कुटुंब धरताना चूल कोणाची वेगळी आणि कोणाची एकत्र, हा प्रश्न तिथेही आला. आम्ही किल्लारीचं नाव घेतो ते दुसऱ्या कारणासाठी. घरामागची खोली आपण नेहमी उरल्यासुरल्या सामानातून बांधतो. जुन्या विटा, गळके पत्रे, पाया जेमतेम. ज्या खोलीत बाई राहणार ती सगळ्यात कच्ची, अशी रीतच पडली आहे. परवानगीसाठी अभियंता नकाशा मागतो तो त्रास द्यायला नव्हे. त्या भिंतीखाली आपणच झोपणार आहोत.

आता आपल्या वेरूळचीच अशी खास गोष्ट. आपल्याकडे ३४ लेणी आहेत. बारावं लेणं तीन मजली, त्यात भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या कोरलेल्या. अकराव्याला 'दोन ताल' म्हणत, म्हणजे दोन मजली. १८७६ साली गाळाखाली गाडलेला तिसरा मजला सापडला, तरी नाव तेच राहिलं. निजामाच्या सरकारने १९१४ साली पुरातत्त्व खातं काढलं आणि लेण्यांची देखभाल त्याच्याकडे दिली. स्वातंत्र्यानंतर ती राष्ट्रीय महत्त्वाची ठरली. १९५८ साली प्राचीन स्मारकांचा कायदा झाला, १९८३ साली वेरूळ जागतिक वारसा यादीत गेलं.

आपल्या घरांवर परिणाम झाला तो १६ जून १९९२ पासून. त्या दिवशीच्या अधिसूचनेने संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर हा मनाई केलेला भाग ठरला, आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित भाग. २०१० साली हेच कायद्यातच घातलं आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन झालं. पहिल्या १०० मीटरमध्ये नवं बांधकाम होतच नाही. वर मजला चढवणं किंवा बाजूला खोली काढणं हेही नवं बांधकामच धरतात. १९९२ च्या आधीचं घर असेल तर दुरुस्ती करता येते, तीही परवानगी घेऊन. पुढच्या २०० मीटरमध्ये बांधता येतं, पण आधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी हवी. ती न घेता बांधलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अंतर मोजायचं ते लेण्याच्या दारापासून नव्हे, संरक्षित हद्दीपासून. ही चूक पुष्कळ जण करतात.

हे कडक वाटतं. आपण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहतो आणि आपल्याच परसात खोली काढायला दिल्लीपर्यंत कागद जातो, असं वाटून रागही येतो. राग समजण्यासारखा आहे. पण लेण्यांना खेटून हॉटेलं उभी राहिली असती तर वेरूळचं काय झालं असतं, हेही आपणच सांगू शकतो. पोट त्याच लेण्यांवर चालतं. म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की विटा आणण्यापूर्वी अंतर मोजून घ्या. बांधकाम थांबवायची नोटीस आली की नुकसान होतं ते बहुतेक वेळा बाईने बचत गटातून काढलेल्या कर्जाचं.

गावठाणासाठी अलीकडे नियम बरेच सोपे झाले. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. २०२१ च्या सुरुवातीला ग्रामविकास खात्याने सांगितलं की ग्रामीण भागात सुमारे १६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायला वेगळी परवानगी लागणार नाही. मालकीचा कागद, जागेचा आणि घराचा नकाशा, आणि तो नियमात बसतो असा परवानाधारक अभियंत्याचा दाखला, एवढं ग्रामपंचायतीत द्यायचं. त्यापुढे ३२०० चौरस फुटांपर्यंत असेल तर ग्रामपंचायतीने कागद पूर्ण मिळाल्यावर दहा दिवसांत बांधकामाचा दाखला द्यायचा. पण स्मारकाचा नियम यामुळे उठत नाही. तो वरचा आहे. आणि पहिलाच कागद मालकीचा आहे, हेही विसरू नका. जागा चार भावंडांची असेल तर चौघांची संमती लागते. म्हणजे फिरून आपण पहिल्या प्रश्नाशीच येतो.

जी उणीव निजामाच्या काळापासून राहिली होती, तीही आता भरून निघते आहे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात आधी ड्रोनने गावठाण मोजून पाहिलं. मग २४ एप्रिल २०२० रोजी 'स्वामित्व' योजना सुरू झाली. आकाशातून मोजणी होते, घराघराची हद्द ठरते, चौकशी होते आणि मिळकत पत्रिका मिळते. घराला पहिल्यांदाच सातबाऱ्यासारखा कागद मिळतो आहे. पण ड्रोनला छप्पर दिसतं, त्याखाली कोण राहतं ते दिसत नाही. परसातली खोली मुख्य घराच्याच हद्दीत धरली जाते. चौकशीच्या दिवशी बाई गप्प राहिली, तर एकाच माणसाचं नाव लागून पत्रिका तयार होते. म्हणून त्या दिवशी रोजंदारी बुडाली तरी चालेल, पण घरी थांबा आणि बोला.

दुसऱ्या घराचा प्रश्न आपल्यापुरताच नाही. जपानमध्ये दोन पिढ्यांसाठी दोन दारांची घरं बांधतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात घरं फार महाग झाली, तेव्हा २०१६ साली कायदे बदलून परसातलं लहान घर बांधणं सोपं केलं. मुलांकडे गेलेल्या आपल्याकडच्या कितीतरी आजीआजोबांना अशा घरात राहायची वेळ येते. तिथे अशा घराला लोक आजीचं घरच म्हणतात. म्हातारं माणूस, परत आलेली मुलगी, नवं जोडपं, यांना जवळही राहायचं असतं आणि वेगळंही. ही गरज सगळीकडे सारखीच आहे.

आपल्याकडे त्यात पर्यटनाची भर पडली. राज्याच्या पर्यटन खात्याची 'निवास व न्याहारी' योजना जुनी आहे. २०२३ साली महिलांसाठी 'आई' हे पर्यटन धोरण आलं, त्यात पर्यटन व्यवसायासाठी घेतलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळण्याची सोय आहे. पण कर्ज मागायला गेलं की बँक पहिल्यांदा विचारते, जागा कोणाची? आणि खोली भाड्याने द्यायची तर १९९९ च्या राज्य भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा, ती जबाबदारी घरमालकाची.

आता आमच्या मैत्रिणीचं काय झालं ते सांगतो. आम्ही तिच्याबरोबर जुने कागद बघायला बसलो. नमुना आठवर अजून तिच्या वडिलांचं नाव होतं. भावाने ते कधी बदललंच नव्हतं. तिने हक्कसोडपत्रावरही सही केलेली नव्हती, कारण तिला कोणी विचारलंच नव्हतं. म्हणजे चौदा वर्षं जी भावाच्या उपकारावर राहतो असं समजत होती, ती आपल्याच वाट्याच्या जागेत राहत होती. हे तिला कळलं तेव्हा ती बराच वेळ कागदाकडे बघत बसली. मग म्हणाली, "दादाला हे माहीत असतं तर त्याने मला आधीच सांगितलं असतं."

भाच्याशी बोलणं झालं. पहिल्या दिवशी आवाज चढले, वहिनी रडल्या. दुसऱ्या वेळी गावातले दोन जाणते बसवले. त्याने तिची खोली बक्षीस द्यायचं कबूल केलं, तेव्हा आम्ही सांगितलं की जी जागा वाट्याने तिचीच आहे ती बक्षीस कशाला घ्यायची? बक्षीसपत्राचा एक फायदा मात्र सगळ्यांना ठाऊक असावा. आईवडिलांनी राहतं घर मुलाला, मुलीला, नातवंडांना किंवा विधवा सुनेला दिलं, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, बाकीचा नोंदणीचा खर्च वेगळा. बहीण त्या यादीत नाही. म्हणून ज्यांना मुलीसाठी परसात घर करायचं आहे, त्यांनी ते आपल्या हयातीतच कागदावर आणावं. भावांच्या भरवशावर ठेवू नये, भाऊ कितीही चांगला असो.

त्या दोघांनी आधी सगळ्यांची वारसनोंद केली आणि मग वाटणीपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं. त्यात तिने तीन गोष्टी लिहून घेतल्या. खोलीपर्यंत जायची वाट, पाण्याचा नळ आणि संडास. आम्हाला आधी हे बारीक वाटलं. पण आमच्यातल्या एका वयस्कर बाईंनी सांगितलं, "भांडण खोलीवरून होत नाही, वाटेवरून होतं." आता तिचा घरक्रमांक वेगळा आहे, घरपट्टीची पावती तिच्या नावाची येते. भाच्याच्या खोल्यांचं काम परवानगी घेऊन चालू आहे, आणि पाहुण्यांच्या भाकरी तीच करणार आहे, पैसे ठरवून.

तर मैत्रिणींनो, तुमच्या परसात अशी एखादी खोली असेल, किंवा बांधायचं मनात असेल, तर तीन प्रश्न विचारा. जागेवर हक्क कोणाचा? त्यासाठी वारसनोंद आणि मिळकत पत्रिका बघा. परवानगी कोणाची? त्यासाठी ग्रामपंचायत, आणि लेण्यांच्या जवळ असाल तर स्मारकाचं अंतर. नोंद कोणाच्या नावाची? त्यासाठी नमुना आठवरचा स्वतंत्र घरक्रमांक आणि लेखी, नोंदवलेला कागद. कायद्याचा सल्ला लागला तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा, महिलांना तिथे मोफत मदत मिळते.

आमच्या मैत्रिणीला लिहिता येतं. पण नोंदणीच्या दिवशी ती सही करून आली तेव्हा आम्ही तिला जुन्या महजरातल्या बांगडीच्या निशाणीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे आपली निशाणी होतीच की. मधेच कुठेतरी हरवली." मग तिने आम्हाला तिच्या खोलीत नेऊन चहा दिला.

पुढच्या भेटीत पुन्हा बोलू. नमस्कार.